मेस्ता : रुमी मस्तकीच्या गावाबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात ग्रीसमधल्या खिऑस बेटावरच्या मेस्ता या गावाचा नकाशा आणि अर्ध्या पानाची ओळख छापली होती. घरांच्या पाठींचाच तट झालेलं चौदाव्या शतकातलं गाव आणि त्याच्या भोवती मस्तकीची, म्हणजे राळेसारखा चीक देणारी झाडं, एवढंच त्यात होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. प्रवासाच्या प्रश्नांना आटोपशीर उत्तरं दिली आहेत. गावाची रचना आणि मस्तकी यांना जास्त जागा दिली आहे, कारण एक समजल्याशिवाय दुसरं कळत नाही.

प्रश्न : खिऑस नेमकं कुठे येतं? नकाशात ते ग्रीसपेक्षा तुर्कस्तानलाच चिकटलेलं दिसतं. (नौपाडा, ठाणे)

दिसतं तसंच आहे. एजियन समुद्राच्या पूर्व कडेला, तुर्कस्तानच्या चेश्मे द्वीपकल्पासमोर हे बेट आहे. सर्वांत अरुंद जागी मधली सामुद्रधुनी जेमतेम ७ किलोमीटरची. उलट अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोटीनं निघालात तर सात-आठ तास लागतात. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे ८४२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठं. लोकसंख्या मात्र पन्नास हजारांच्या आसपास. ठाण्यात एवढी माणसं एखाद्या प्रभागात मावतात.

उत्तर भाग डोंगराळ आहे, तिथलं पेलिनेओ शिखर १,२९७ मीटर उंच. दक्षिणेकडे जमीन उतरते, चुनखडीच्या बुटक्या टेकड्या लागतात आणि पाऊस कमी होतो. या दक्षिण भागातच मस्तकीची गावं आहेत, साधारण चोवीस. मेस्ता त्यांतलं नैर्ऋत्येकडचं, खिऑस शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर. गावाचं बंदर, लिमेनास, तीन-चार किलोमीटरवर आहे, पण गाव एका लहानशा खोलगट जागेत असं बसवलंय की समुद्रातून ते दिसू नये. चाचे आधी गलबतावरून घरं हेरत आणि मगच उतरत, त्या काळात ही गोष्ट महत्त्वाची होती.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. ग्रीक माणूस बेटाचं नाव ‘हिओस’ असं घेतो. बोटीवरच्या घोषणेत तेच ऐकू येतं.

प्रश्न : मेस्ता हा किल्ला आहे की गाव? वसईसारखा वेगळा कोट तिथे आहे का? (कळवा)

वेगळा कोट नाही. वसईत आधी तट आणि आत वस्ती. मेस्तात वस्तीच्या कडेच्या घरांची मागची भिंत हाच तट. गावाचा आराखडा वेडावाकडा पंचकोनी आहे. कडेची सगळी घरं एकमेकांना खेटून, पाठ बाहेर करून उभी आहेत. त्या बाहेरच्या भिंतीला मुळात ना खिडकी होती, ना दार. आज काही ठिकाणी खिडक्या दिसतात, त्या धोका संपल्यावर फोडलेल्या आहेत. कोपऱ्यांवर गोल बुरूज, आत यायला मोजकी दारं, आणि ती अंधार पडला की बंद.

गावाच्या मध्यावर एक मोठा चौकोनी बुरूज होता. तट फुटला तर सगळ्यांनी शेवटी तिथे जायचं. जायचं कसं, तर गल्लीतून नाही, गच्चीवरून. सगळ्या घरांचे माथे सपाट आणि जवळपास एकाच उंचीचे. घरांमधल्या अरुंद गल्ल्यांवर दगडी कमानी टाकलेल्या. त्यामुळे गावाच्या कडेपासून बुरुजापर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येई. शत्रू खाली गल्लीत आणि गावकरी वर, हा या रचनेतला खरा डाव. गल्ल्याही मुद्दाम फसव्या काढलेल्या आहेत. दारापासून बुरुजापर्यंत सरळ रस्ता एकही नाही आणि कित्येक गल्ल्या पुढे बंद होतात.

या कमानींचं आणखी एक काम आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींना टेकू देतात. हा भाग भूकंपाचा. ३ एप्रिल १८८१ च्या भूकंपात बेटावर हजारो माणसं मेली आणि दक्षिणेतली पुष्कळ गावं कोसळली. पूर्वेकडच्या गावांना तडाखा जास्त बसला. मेस्ता, ओलिंपी, पिर्गी ही पश्चिमेकडची गावं त्या मानानं वाचली. केंद्रापासूनचं अंतर हे कारण आहेच, पण एकमेकांत गुंतलेल्या कमानींचा वाटाही नाकारता येत नाही.

घर दुमजली. तळमजल्यावर गाढव, कोंबड्या, धान्य, तेला-वाइनचे रांजण. वरच्या मजल्यावर माणसं. बाहेर खिडक्या नसल्यानं उजेडाची सोय वरच्या मजल्यावर मधोमध ठेवलेल्या छोट्या उघड्या चौकातून केलेली असते. तिथे त्याला ‘पुंती’ म्हणतात. खोल्या त्या चौकाभोवती. छत लाकडी नाही, दगडी घुमटाकार, कारण दक्षिण खिऑसमध्ये लांब तुळयांजोगं लाकूडच नाही. घुमट अवजड, म्हणून भिंती जाड, आणि म्हणून उन्हाळ्यात खालची खोली गार.

मधला बुरूज आता नाही. एकोणिसाव्या शतकात तो पाडून त्या जागी महादूत मिखाएलचं मोठं चर्च बांधलं, ‘मेगास ताक्सियार्हिस’. शेजारचा चौक म्हणजे बुरुजाभोवतीची मोकळी जागा. बुरूज कसा असेल हे पाहायचं तर शेजारच्या ओलिंपीला किंवा पिर्गीला जा, तिथे त्याचे अवशेष उभे आहेत. गावाचं जुनं ताक्सियार्हिस चर्च वेगळं आणि लहान आहे. त्यातला लाकडी कोरीव पडदा मोठ्या चर्चपेक्षा जास्त पाहण्यासारखा आहे. घाईत लोक तो चुकवतात.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीच्या आधी या बेटावर व्यापारी कंपनीचं राज्य होतं असं वाचलं. खरं आहे का? (नेरुळ)

खरं आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या अडीचशे वर्षं आधीचं. १३०४ मध्ये इटलीतल्या जेनोआ या नगरराज्याचा सरदार बेनेदेत्तो झक्कारिया यानं बेट घेतलं. १३२९ मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन सम्राटानं ते परत मिळवलं. १३४६ मध्ये सिमोने विन्योसो २९ गलबतांचा ताफा घेऊन आला आणि बेट पुन्हा जेनोआकडे गेलं. हा ताफा खाजगी जहाजमालकांच्या पैशावर उभा राहिला होता. त्यांचे पैसे फेडायला जेनोआच्या खजिन्यात रोकड नव्हती. म्हणून १३४७ च्या करारानं बेटाचा महसूल आणि कारभार त्या जहाजमालकांच्या मंडळाकडेच सोपवला. या मंडळाचं नाव ‘माओना’. १३६२ मध्ये त्यातल्या भागीदारांनी ‘जुस्तिनियानी’ हे एकच आडनाव घेतलं. १४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या तटावर लढताना जखमी झालेला जोव्हान्नी जुस्तिनियानी याच गोतावळ्यातला. तो जखमांनी खिऑसमध्येच वारला.

माओनानं १५६६ पर्यंत, म्हणजे दोनशे वीस वर्षं, बेट सांभाळलं, आणि ते मुख्यतः मस्तकीच्या जिवावर. मक्ता त्यांचा, भाव त्यांचा. पुरवठा आवळून धरायचा आणि भाव चढा ठेवायचा, ही रीत. कोलंबस तरुणपणी जेनोआच्या जहाजांवरून इथे येऊन गेला होता. १४९३ च्या त्याच्या प्रसिद्ध पत्रात, नव्या बेटांवर मस्तकी हवी तेवढी मिळेल असं तो लिहितो आणि आजवर ती फक्त खिऑसमध्ये मिळते नि तिथले सत्ताधीश मनाला येईल त्या भावानं विकतात, असंही सांगतो. नव्या जगातली ती झाडं मस्तकीची नव्हती, हे पुढे कळलं.

मेस्तासारखी गावं याच काळात बांधली गेली. विखुरलेल्या वाड्या एकत्र आणून तटबंद गावं केली. प्रवास-पुस्तिका म्हणतात की हे चाच्यांपासून संरक्षणासाठी. अर्धं खरं आहे. चाच्यांना बाहेर ठेवणारं दार रात्री मस्तकीलाही आत ठेवत होतं. मस्तकी चोरणाऱ्याला किंवा चोरून विकणाऱ्याला कान, नाक, हात कापण्यापासून फाशीपर्यंत शिक्षा होत्या, चोरलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे. ज्या मालाला एवढा पहारा, तो पिकवणाऱ्यांवरही तेवढाच पहारा असणार. मेस्ताच्या नकाशाकडे या नजरेनं पाहिलं की मोजकी दारं आणि मधला बुरूज यांचा दुसरा अर्थ लागतो.

प्रश्न : वाशीच्या मसाला मार्केटात ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळते ती हीच का? ती झाडावरून काढतात कशी? (वाशी, नवी मुंबई)

खरी असेल तर हीच. मस्तकी हा झाडाचा राळेसारखा चीक. झाड पिस्त्याच्या गणातलं, शास्त्रीय नाव पिस्तासिया लेंटिस्कस, खिऑसमधला प्रकार ‘चिया’. कुल आंब्या-काजूचंच. आंब्याच्या देठाचा चीक किंवा बिब्ब्याचं तेल ठाऊक असलेल्यांना हे कुल चिकाचं आहे हे वेगळं सांगायला नको. रानटी लेंटिस्कस भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठानं वाढतं, पण विकण्याजोगा चीक देणारी लागवड परंपरेनं दक्षिण खिऑसचीच.

झाड दोन-तीन मीटर उंच, खोड वेडंवाकडं, वाढ अगदी सावकाश. लागवड नर झाडांच्या फांद्यांपासून करतात. पाचव्या-सहाव्या वर्षी थोडा चीक येतो, भर पंधराव्या वर्षाच्या सुमारास, आणि झाड शंभर वर्षांपर्यंत जगतं. एका झाडाचं हंगामाचं उत्पन्न साधारण ६० ते २५० ग्रॅम. किलोभर मालाला किती झाडं लागतात याचा हिशेब करा, म्हणजे भाव का चढतो ते कळेल.

वर्षाचं काम असं चालतं. थंडीत छाटणी, म्हणजे हवा आणि ऊन खोडापर्यंत पोचेल. जूनमध्ये झाडाखालची जमीन. तण काढायचं, खरवडून सपाट करायचं, झाडायचं, आणि मग अंगण सारवावं तसा खोडाभोवती पांढऱ्या चुनखडीच्या मातीचा चाळलेला थर द्यायचा. या मातीला चीक चिकटत नाही, आणि थेंब कोरडा, स्वच्छ राहतो. हा थर नीट दिला नाही तर सगळा हंगाम वाया. लाल मातीत पडलेला थेंब पुढे कितीही धुवा, डागाळलेलाच राहतो.

१५ जुलैपासून चिरा द्यायला परवानगी असते, त्याआधी नाही. बारीक टोकाच्या लोखंडी हत्यारानं खोडावर आणि जाड फांद्यांवर आडव्या चिरा देतात, १० ते १५ मिलिमीटर लांब आणि ४-५ मिलिमीटर खोल. या कामाला तिथे ‘केंदिमा’, म्हणजे भरतकाम, म्हणतात. सुरुवात बुंध्याकडून, मग हळूहळू वर. आठवड्याला एक-दोन फेऱ्या, पाच-सहा आठवडे. हंगामाच्या एकूण चिरा झाडाचं वय पाहून वीसपासून शंभरापर्यंत. चीर सालीतच थांबली पाहिजे. लाकडापर्यंत गेली तर जखम भरत नाही आणि ती फांदी पुढे वाळते. कोवळ्या झाडाला हावरेपणानं जास्त चिरा दिल्या तर दोन-तीन वर्षं ते काहीच देत नाही. नवखा माणूस नेमक्या याच दोन चुका करतो.

चीक पाझरतो, लोंबतो, काही खोडावरच थिजतो, काही खाली पांढऱ्या मातीवर पडतो. घट्ट व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. पहिली वेचणी १५ ऑगस्टपासून, दुसरी मधल्या सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. वेचणी भल्या पहाटे. गारव्यात थेंब कडक असतो आणि सालीवरून टिचून सुटतो. ऊन चढलं की मऊ होतो, बोटांना चिकटतो. या काळात मोठा पाऊस आला तर संपलंच. न थिजलेल्या चिकात पाणी आणि माती शिरते.

मग सगळी थंडी घराघरांत साफसफाई. चाळणं, पानं-काटक्या वेगळ्या करणं, गार पाण्यात साबणानं धुणं, सावलीत पसरून वाळवणं, आणि शेवटी एकेक थेंब हातात घेऊन सुरीच्या टोकानं खरवडणं. हे काम मुख्यतः बायका करतात, गटानं बसून. मग आकाराप्रमाणे प्रतवारी होते. मोठ्या चपट्या तुकड्यांना ‘पिता’ म्हणतात, त्याखाली जाड थेंब, त्याखाली बारीक. १९३८ पासून सगळा माल उत्पादक संघाकडे जातो आणि तिथूनच विकला जातो. १९९७ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं, आपल्या हापूसच्या मानांकनासारखं. २०१४ मध्ये या लागवडीचं ज्ञान युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

प्रश्न : शहापूरजवळ आमची दोन एकर जमीन आहे. मस्तकीची झाडं लावता येतील का? (घोडबंदर रोड, ठाणे)

नको. झाड कदाचित जगेल, चीक मिळणार नाही. खिऑसमध्ये चिरा आणि वेचणीचा काळ जुलै ते ऑक्टोबर, आणि जून-जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जवळपास थेंबही पडत नाही, वर उत्तरेचा कोरडा ‘मेल्तेमी’ वारा वाहतो. शहापुरात नेमके हेच पावसाचे महिने. हिवाळ्यात चिरा देऊ म्हणाल, तर झाडाचा चीक उन्हाळ्याच्या तापाशी बांधलेला आहे. शिवाय त्याला चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन लागते. आपल्या काळ्या-तांबड्या जमिनीत पावसाळाभर मुळं पाण्यात राहिली की कुजतात. त्याच घराण्यातला काजू तुमच्या जमिनीत गुण्यागोविंदानं येईल.

प्रश्न : जांभळी नाक्यावर काष्ठौषधीच्या दुकानात दोन दर्जांची मस्तकी दाखवली. खरी कशी ओळखायची? आणि स्वयंपाकात वापरायची कशी? (ठाणे पश्चिम)

खरी मस्तकी फिकट पिवळसर, वाटाण्याएवढ्या किंवा लहान, गोल वा लांबट थेंबांत येते. वरून किंचित धुळकट, फोडली तर आतून काचेसारखी. जुनी झाली की पिवळी पडत जाते आणि वास उतरतो. भेसळ मुख्यतः तीन प्रकारची, आणि तिन्हींना वेगळी कसोटी लागते.

डिंक मिसळला असेल तर दोन थेंब वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. डिंक फुगतो किंवा विरघळतो, मस्तकी जशीच्या तशी राहते. राळ असेल तर जाळल्यावर नुसता चिडाचा धूर येतो, आणि चावल्यावर कडवट, चिकट लागते. तिसरी भेसळ आफ्रिकेतल्या सॅन्डरॅक नावाच्या राळेची. दिसायला अगदी मस्तकी, फक्त थेंब जरा लांबट. तिची कसोटी दाताखाली. मस्तकी आधी चुरते, मग मिनिटभरात गोळा होऊन पांढरट, च्युइंगमसारखी मऊ होते. सॅन्डरॅक शेवटपर्यंत भुगाच राहते. ही कसोटी फक्त खाण्यासाठी म्हणून विकलेल्या मालावर करा. धूप म्हणून विकलेलं काहीही तोंडात घालू नका. पिस्ता-काजूची ॲलर्जी असेल तर चावून पाहण्याच्या फंदात पडूच नका.

वापरायची तर अगदी थोडी. एक लिटर दुधाच्या बासुंदीला तीन-चार लहान थेंब, अर्ध्या ग्रॅमच्या आत. थेंब वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायचे, मग खलबत्त्यात चमचाभर साखरेबरोबर कुटायचे. मिक्सरमध्ये घातले तर पातं तापतं आणि मस्तकी त्याला लाखेसारखी बसते. पूड शेवटी, आच मंद करून, ढवळत घाला. पाण्याच्या उकळत्या पाकात सरळ टाकलीत तर गोळा होऊन पातेल्याला चिकटेल. चिकटलीच तर आधी तेल चोळा, मग साबण. पाण्यानं ती कधीच निघणार नाही. जास्त झाली की पदार्थाला टर्पेंटाइनची चव येते आणि ती कशानंही झाकता येत नाही. डबा घट्ट, जागा गार. ठाण्याच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलीत तर सगळे थेंब मिळून एक ढेकूळ होतं.

अनेकांनी पोटाच्या अल्सरबद्दल विचारलंय. युरोपीय औषध नियामकानं मस्तकीला पारंपरिक वापराच्या आधारावर सौम्य अपचन आणि त्वचेची किरकोळ जळजळ एवढ्यापुरती मान्यता दिली आहे. अल्सर हा डॉक्टरांचा विषय.

प्रश्न : पिर्गी गावच्या भिंतींवरची काळी-पांढरी नक्षी म्हणजे आपल्या वारलीसारखीच का? (ऐरोली)

तंत्र उलटं आहे. वारलीत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं पांढरं चढवतात. पिर्गीत पांढरं खरवडून काढतात. आधी काळपट वाळूच्या गिलाव्याचा थर. ही वाळू जवळच्या एंबोरिओस किनाऱ्याची, तिथे ज्वालामुखीच्या दगडाचे काळे खडे आहेत. तो ओला असतानाच वर चुन्याचा पांढरा थर. मग पट्टी आणि कंपासानं त्रिकोण, चौकोन, वर्तुळं आखायची आणि काट्यासारख्या हत्यारानं ठरावीक भाग खरवडायचे, की खालचा काळा दिसतो. एका दिवसात खरवडून होईल एवढाच पट्टा गिलावतात, कारण थर वाळल्यावर कडा तुटतात. काम वरून खाली. नक्षीला ‘क्सिस्ता’ म्हणतात. शरद ऋतूत या भिंतींवर वाळत घातलेल्या बारक्या टोमॅटोंच्या माळा दिसतात. फोटोवाले नक्षी सोडून त्याच टिपतात.

प्रश्न : १८२२ मध्ये खिऑसमध्ये मोठी कत्तल झाली. मग ही गावं शाबूत कशी? (सीवूड्स, नवी मुंबई)

१५६६ मध्ये पियाली पाशानं बेट तुर्कांच्या उस्मानी साम्राज्याला जोडलं. मस्तकीगावांचा कारभार उरलेल्या बेटापासून वेगळा ठेवला गेला. कर मस्तकीच्या रूपात, माल इस्तंबूलच्या महालाला. तिथल्या जनान्यात मस्तकी चघळायचा शौक होता. बदल्यात गावांना काही सवलती. १८२२ च्या वसंतात ग्रीक उठावाची ठिणगी इथे पडल्यावर उस्मानी फौजेनं बेटावर हजारोंना मारलं, हजारोंना गुलाम म्हणून विकलं. फ्रेंच चित्रकार दलाक्र्वानं १८२४ मध्ये काढलेलं प्रसिद्ध चित्र याच घटनेचं. मस्तकीगावं बव्हंशी वगळली गेली, कारण ती माणसं मेली तर महालाचा माल बंद झाला असता. यात दया शोधू नये. जेनोआनं ज्या हिशेबानं त्यांना कोंडलं, त्याच हिशेबानं सुलतानानं त्यांना सोडलं. बेट ग्रीसमध्ये आलं ते बाल्कन युद्धात, नोव्हेंबर १९१२ मध्ये.

अलीकडचं संकट आगीचं. ऑगस्ट २०१२ च्या वणव्यात दक्षिणेतली मस्तकीची बरीच झाडं जळाली. सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या बाबतीत त्या नुकसानीची भरपाई पुढच्या पिढीच्या वाट्याला येते.

प्रश्न : ग्रीसला दहा दिवस जातोय, आई-वडील बरोबर आहेत. मेस्ता करावं का? किती दिवस? (खारघर)

सॅन्टोरिनी, मायकोनॉस, अथेन्स आणि मेस्ता असं सगळं दहा दिवसांत कोंबणार असाल तर करू नका. खिऑससाठी तीन रात्री ठेवा, त्यांतली एक मेस्तात. दिवसा येऊन दोन तासांत परतणारे चौकात कॉफी पिऊन जातात. गल्ल्यांतली रचना संध्याकाळी, गर्दी गेल्यावर कळते.

शेन्गेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निघायच्या किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. समोरच्या चेश्मेला बोटीनं एक दिवस जाऊन यायचा मोह होईल. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत ग्रीसमध्ये शिरता येणार नाही. अर्जातच बहुप्रवेश मागा.

अथेन्सहून विमान पाऊण-एक तासाचं. खिऑस शहरातून मेस्ताला हिरव्या बस जातात, पण फेऱ्या थोड्या, रविवारी आणि हिवाळ्यात त्याहून थोड्या. मस्तकी संग्रहालय पिर्गीजवळ आहे, मंगळवारी बंद. मेस्ता, ओलिंपी, पिर्गी आणि संग्रहालय एका दिवसात पाहायचं तर गाडी भाड्यानं घेणंच सोयीचं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. ठाणे किंवा वाशी आरटीओकडे ऑनलाइन अर्ज, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. गाडी गावाबाहेर ठेवावी लागते.

आई-वडिलांसाठी : गल्ल्या दगडी आणि उंचसखल, चाकांची बॅग निरुपयोगी. १९७० च्या दशकात ग्रीसच्या पर्यटन खात्यानं इथली जुनी घरं दुरुस्त करून निवासासाठी दिली, तेव्हापासून गावातच राहता येतं. पण जिने उभे, दारं ठेंगणी. खोली ठरवताना ‘न्हाणीघर आणि पलंग एकाच मजल्यावर आहेत का’ हे आधी विचारा. दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपलेलं असतं, त्या वेळी पोचू नका.

प्रश्न : शाकाहारी माणसाची सोय होते का? (डोंबिवली)

होते. डाळीचं ‘फावा’, टोमॅटोची किंवा चण्याची भजी, भाजलेलं ‘मास्तेलो’ चीज, भाज्या. ग्रीक उपासाच्या पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध नसतं. मात्र इथेच फसगत होते. माकूळ, ऑक्टोपस, कोळंबी, शिंपल्या यांना तो शब्द लागू होतो. त्यामुळे निस्तीसिमो ऐकून निर्धास्त होऊ नका, समुद्रातलं काही आहे का ते वेगळं विचारा.

प्रश्न : मेस्तात एखादा सण पाहायचा तर कोणता? बेटावर रॉकेटांची लढाई होते असं ऐकलं. (पाचपाखाडी)

रॉकेटांची लढाई व्रोंतादोस गावात, ईस्टरच्या आदल्या रात्री. ते उत्तरेला, खिऑस शहराच्या पलीकडे. मेस्ताचा खास दिवस ‘स्वच्छ सोमवार’, म्हणजे ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या ४८ दिवस आधीचा सोमवार. २०२७ मध्ये तो १५ मार्चला येतो. त्या दिवशी गावातला एक जण तुर्की ‘आगा’, म्हणजे अधिकारी बनून चौकात न्यायासनावर बसतो. शिपाई प्रेक्षकांतून कोणालाही धरून आणतात, भलतेसलते आरोप ठेवतात, दंड वसूल होतो आणि तो गावाच्या कामाला जातो. पाहुण्यांना सूट नाही. सुटे युरो खिशात ठेवा, आणि आदल्या रात्री गावातच मुक्काम करा, कारण सकाळी गावाबाहेर गाडी लावायला जागा उरत नाही.